घड्याळाची साक्ष

गेल्या वैशाखात पुतणीचं लग्न झालं. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा. आमच्या घराण्यात मुहूर्तावरून खडाखडी झाल्याशिवाय लग्न लागत नसे. माझ्या स्वतःच्या लग्नात तीन मामांची तीन घड्याळं होती. थोरल्या मामांचं स्विस बनावटीचं, मधल्यांचं एचएमटी आणि धाकट्यांचं कुणा बोटीवरच्या माणसाकडून घेतलेलं. एक म्हणे मुहूर्त टळला, दुसरं म्हणे अजून चार मिनिटं आहेत आणि तिसरं बंदच होतं, हे मंगलाष्टका संपल्यावर लक्षात आलं. शेवटी गुरुजींनी मधल्या मामांचं घड्याळ प्रमाण मानलं. ते घड्याळ उत्तम होतं म्हणून नव्हे. मामा रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांना ते लावून घेत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं म्हणून.

या लग्नात मात्र खडाखडी झाली नाही. गुरुजींनी मोबाइल काढला, मुलीच्या मामांनी काढला, मुलाकडच्यांनी काढला. सगळ्यांच्या फोनवर १२:३७ एकदमच उमटलं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. सौभाग्यवती म्हणाली, ‘‘बाई, सुटलो एकदाचे त्या वादातून!’’ मी हो म्हटलं खरं, पण जेवणाच्या पंगतीत माझं लक्ष श्रीखंडात नव्हतं. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते. दहा कागद एकमेकांशी फार छान जुळले की तो आनंदून जात नाही, ते दहाही कागद एकाच हाताने तर लिहिले नाहीत ना, असं त्याच्या मनात येतं.

पंगतीत शेजारी माझा भाचा होता. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला विचारलं, ‘‘अरे, या फोनला वेळ कोण सांगतं?’’

‘‘नेटवर्क सांगतं, मामा.’’

‘‘आणि नेटवर्कला?’’

‘‘दुसरे संगणक.’’

‘‘आणि त्यांना?’’

तो हसला. म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही इन्स्पेक्शनला आल्यासारखे विचारताय. जेवण होऊ दे, मग सांगतो.’’ जेवण झालं, पानसुपारी झाली आणि त्याने सांगायला सुरुवात केली. पुढले काही महिने मी त्याला फोन करकरून छळलं, मिळालं ते वाचलं. त्यातलं जेवढं मला उमगलं तेवढं इथे मांडतो आहे. एक जुनं प्रकरणही त्यात येणार आहे. ते टाळून हा विषय मला सांगता येणार नाही.

माझ्या आजोबांच्या काळी लग्नात घटिकापात्र असे. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला बारीक भोक. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटकांचा दिवस. त्या वाटीवर नजर ठेवायला एक जोशी बसवलेला असे आणि तो म्हणेल ती वेळ. वाटीत शेवाळ अडकलं असेल, जोश्याला डुलकी लागली असेल. पण गावात दुसरी वाटी नव्हती, त्यामुळे वादही नव्हता. घड्याळ एकच असलं की माणूस निर्धास्त असतो. दोन झाली की पंचाईत सुरू होते.

संगणकांची पंचाईत आपल्यापेक्षा मोठी आहे. प्रत्येक संगणकाच्या पोटात स्फटिकाचं एक स्वस्त घड्याळ असतं. ते उन्हाळ्यात वेगळं चालतं, थंडीत वेगळं. दिवसाला काही सेकंद मागेपुढे होणं त्याला सहज आहे. असे लाखो संगणक एकमेकांना जोडलेले, आणि त्यांच्यात कर्ता असा कुणी नाही. एकत्र कुटुंब, पण कर्त्या पुरुषाशिवायचं. मग वेळ ठरवायची कुणी?

अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात डेव्हिड मिल्स नावाचे प्राध्यापक होते. जन्मापासून काचबिंदूने दृष्टी अधू, आणि सगळं आयुष्य काढलं घड्याळं जुळवण्यात. त्यांनी १९८५ मध्ये नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची जी पद्धत कागदावर आणली, तीच सुधारत सुधारत आजही जगभर वापरली जाते. ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ हे तिचं नाव, एनटीपी हे लाडकं. मिल्स जानेवारी २०२४ मध्ये वारले. जगातल्या एवढ्या घड्याळांना ज्याने शिस्त लावली त्याच्या निधनाची बातमी आपल्याकडे कितीशा लोकांनी वाचली असेल?

या पद्धतीत पायऱ्या आहेत. सर्वांत वर अणुघड्याळं किंवा उपग्रहांवरून येणारी वेळ. त्यांना थेट जोडलेले संगणक पहिल्या पायरीवर, त्यांना विचारणारे दुसऱ्या, त्यांना विचारणारे तिसऱ्या. थोडक्यात, आपल्या खिशातली वेळ ही ऐकीव वेळ असते. ह्याने त्याला सांगितलं, त्याने मला.

विचारायची रीतही मोठी गमतीची आहे. लहानपणी वडील मला स्टेशनवरचं घड्याळ बघायला पिटाळत. मी धावत जाऊन, बघून, परत येऊन सांगे, ‘‘आठ वाजून दहा मिनिटं.’’ पण मला यायला जो वेळ लागला तो? वडील मी निघालेली आणि परतलेली वेळ आपल्या घड्याळात बघून ठेवत, तिची निम्मी करून त्यात मिळवत आणि घरचं घड्याळ लावत. संगणक नेमकं हेच करतो. फक्त त्यात एक गृहीत आहे, की जायला जेवढा वेळ लागला तेवढाच यायला. मी येताना वाटेत गोट्यांचा डाव बघत उभा राहिलो, तर वडिलांना ते कळायला काहीच मार्ग नव्हता. संगणकालाही नाही. जाण्यायेण्याचा एकूण वेळ त्याला मोजता येतो. त्यातला जाण्याचा किती आणि येण्याचा किती, हे समोरच्या एकाच घड्याळाला कितीही वेळा विचारलं तरी उमगत नाही. एक मात्र पक्कं असतं. समोरचं घड्याळ खरं असेल, तर चूक एकूण फेरीच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. चूक शून्य आहे असं कुणी म्हणत नाही. चूक किती असू शकेल, एवढं सांगता येतं.

आता ते प्रकरण.

सन १९९९. मी एका शाखेत अकाउंटंट होतो. शाखेचं नाव, गावाचं नाव सांगत नाही. वर्षभरापूर्वी शाखेत संगणक आला होता. एका थंड खोलीत मुख्य यंत्र, म्हणजे सर्व्हर, आणि काउंटरवर त्याला जोडलेली पाच यंत्रं. लोक बूट काढून त्या खोलीत जात.

आमच्याकडे एक कारकून होता. अक्षर मोत्यासारखं, कामाला वाघ. एक दिवस त्याने एका मोठ्या पार्टीची टी.टी. केली. टी.टी. म्हणजे दुसऱ्या गावच्या शाखेत पैसे पाठवायचे. संगणकावर नोंद करायची, संगणक तिला एक क्रमांक देई, तो क्रमांक फॅक्सने समोरच्या शाखेला कळवायचा आणि त्यांच्याकडून पोच घ्यायची. हे करून तो पाच वाजता निघाला. वडिलांच्या छातीत दुखू लागल्याचा घरून फोन आला होता. त्याने त्यांना रुग्णालयात नेलं. दाखल करून घेतल्याचा कागद हाताने लिहिलेला होता, वेळ सायंकाळी ५:२०.

पंधरा दिवसांनी पार्टी आली, हे पैसे आम्ही पाठवायला सांगितलेच नव्हते म्हणाली. चौकशी लागली. पुढे ती अफरातफर पार्टीच्या मुनिमाचीच निघाली, पण ते पुढे. चौकशीत संगणकाची नोंद काढली, तर टी.टी.ची वेळ ५:४३. युजर आमच्या कारकुनाचा. तो म्हणाला, ‘‘नोंद मीच केली, पण पावणेपाचच्या सुमाराला. पावणेसहाला मी वडिलांपाशी होतो.’’ चौकशी अधिकारी म्हणाले, मग दोन गोष्टी शक्य आहेत. रुग्णालयाचा कागद खोटा आहे, किंवा तुम्ही पासवर्ड दुसऱ्याला दिलात. त्या काळी पासवर्ड दुसऱ्याला देणं म्हणजे तिजोरीची किल्ली पानाच्या ठेल्यावर ठेवण्यासारखं.

अधिकारी माणूस वाईट नव्हता. एका नोंदीवर विसंबू नये म्हणून त्याने काउंटरवरच्या यंत्रातली नोंदही काढली. त्या यंत्राला स्वतःचं घड्याळ होतं आणि त्याची नोंद वेगळी राहत असे. तिथेही ५:४३. दोन यंत्रं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला घाईत लिहिलेला एक कागद. ‘‘साहेब, दोन साक्षी जुळल्या,’’ अधिकारी मला म्हणाला. मीही मान डोलावली. त्या अहवालावर शाखेच्या वतीने सही माझी आहे. कारकून निलंबित झाला.

तिसऱ्या महिन्यात त्याचे वडील गेले. मी भेटायला गेलो होतो. तो दारापर्यंत आला, ‘‘बसा साहेब’’ म्हणाला आणि मी बसलो नाही.

चौथ्या महिन्यात जुन्या फायली लावताना त्या टी.टी.ची पोच माझ्या हाती आली. फॅक्सचा कागद पिवळा पडत चालला होता. त्याच्या माथ्यावर पाठवणाऱ्या यंत्राने छापलेली वेळ होती, ४:५८. आणि मजकुरात आमच्या टी.टी.चा क्रमांक. क्रमांक नोंद केल्याशिवाय पडत नाही. नोंद ५:४३ची असेल, तर तिचा क्रमांक ४:५८ला दुसऱ्या गावी कसा पोचला? उत्तर आधी आणि प्रश्न नंतर?

मी ती फाइल तशीच टेबलावर ठेवून बूट न काढता त्या थंड खोलीत गेलो. सर्व्हरची वेळ काढून पाहिली आणि हातातलं घड्याळ पाहिलं. सर्व्हर एक तास तेरा मिनिटं पुढे होता. पडद्यावर रोज तारीख दिसे, व्हाउचरवर तारीख छापली जाई. वेळ कुणी बघतच नव्हतं. आठवडाभर मी रोज रेडिओशी ताडून पाहिलं. सात दिवसांत फरक ६३ सेकंदांनी वाढला. म्हणजे दिवसाला ९ सेकंद. यंत्र बसवलं त्या दिवसापासून टी.टी.च्या दिवसापर्यंत वर्ष झालं होतं. ९ गुणिले ३६५, बरोबर ५५ मिनिटांच्या आसपास. ५:४३मधून ५५ वजा करा. ४:४८ येतात. कारकून पावणेपाच म्हणाला होता.

आणि काउंटरवरच्या यंत्राची साक्ष? इंजिनिअरला विचारलं तेव्हा तो सहज म्हणाला, ‘‘ती यंत्रं रोज सकाळी सुरू केली की सर्व्हरकडून वेळ घेतात. आपोआप.’’ आम्ही ज्यांना दोन साक्षीदार समजत होतो, त्यातला एक रोज सकाळी दुसऱ्याकडून जबानी पाठ करून येत होता.

भाच्याला मी हे सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही फॅक्सच्या कागदावर जे पकडलंत ते लेस्ली लॅम्पोर्टने १९७८ साली सिद्धांत म्हणून लिहून ठेवलंय.’’ लॅम्पोर्ट हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ, पुढे त्यांना २०१३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांचं म्हणणं असं : विखुरलेल्या यंत्रांमध्ये घड्याळावर विसंबण्याआधी हे बघा, की कुठल्या गोष्टीमुळे कुठली गोष्ट घडली. निरोप निघाल्याशिवाय पोचत नाही. हा क्रम कुठलंही घड्याळ मोडू शकत नाही. मोडत असेल तर घड्याळ चूक. प्रत्येक यंत्राने आपल्या घटनांना चढते क्रमांक द्यावेत आणि निरोप आला, की आपला पुढचा क्रमांक त्या निरोपावरच्या क्रमांकाहून मोठा घ्यावा, एवढी साधी युक्ती. हे म्हणजे आपलं आवक-जावक रजिस्टर! सरकारी कचेरीतला कुठलाही जुना बारनिशी कारकून ते वाचून म्हणाला असता, यात नवीन काय?

पण क्रम कळला म्हणून वेळ कळत नाही, आणि व्याज, मुदत, मुहूर्त हे सगळं वेळेवर चालतं. तेव्हा पुन्हा प्रश्न तोच : विश्वास कुणावर?

लॅम्पोर्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक सेनापतींचं कोडं मांडलं. वेढा घालून बसलेले सेनापती जासुदांकरवी निरोप पाठवताहेत आणि त्यांच्यात कुणीतरी फितूर आहे. फितुराचा खरा उपद्रव खोटं बोलण्यात नाही. तो एकाला एक सांगतो आणि दुसऱ्याला दुसरं, यात आहे. त्यांनी गणिताने दाखवलं, की निरोप तोंडी असतील तर तिघांत एक फितूर असताना उरलेल्या दोघांचं एकमत होण्याची हमी देता येत नाही. एका फितुराला पुरून उरायला एकूण चौघं लागतात. दोघांना पुरायला सात. एकमेकांना विचारून घड्याळं जुळवणाऱ्या यंत्रांनाही हाच हिशेब लागू पडतो. एनटीपी वापरणाऱ्यांनाही निदान चार ठिकाणी विचारा असाच सल्ला आहे, कारण तिघांतलं एक बंद पडलं तर उरतात दोन, आणि दोन घड्याळांचा वाद सोडवायला तिसरं लागतंच. पूर्वीचे दर्यावर्दी हे जाणून होते. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून १८३१ साली निघाला, त्यावर २२ घड्याळं होती.

मिल्स यांच्या पद्धतीत या साक्षीदारांना गोड नावं आहेत. खरं बोलणारं घड्याळ ते ‘ट्रूचायमर’, खोटं बोलणारं ‘फॉल्सटिकर’. निवड कशी करतात? कीथ मार्झुलो नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये जी रीत सांगितली, तिच्यावर ती बेतलेली आहे. प्रत्येक घड्याळाने ‘१२:३७ झाले’ असं सांगायचं नाही. ‘१२:३६ आणि १२:३८ यांच्या मध्ये कुठेतरी’ असं, आपल्या शंकेसकट सांगायचं. मग जास्तीत जास्त घड्याळांच्या पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तो तुकडा घ्यायचा. ज्यांची पट्टी त्याला शिवत नाही, ती फॉल्सटिकर. आमच्या तीन मामांपैकी एकानेही आयुष्यात ‘माझं घड्याळ दोन मिनिटं इकडेतिकडे असू शकेल’ असं म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर निम्मी भांडणं टळली असती. गूगलने २०१२ मध्ये आपल्या एका मोठ्या डेटाबेसविषयी माहिती प्रसिद्ध केली. त्यातलं घड्याळ वेळ अशीच पट्टीने सांगतं, आणि नोंद पक्की करण्याआधी संगणक तेवढी पट्टी उलटेपर्यंत, काही हजारांश सेकंद, मुद्दाम थांबून राहतो. शंका आहे तोवर सही नाही. मला हा संगणक आवडला. माझ्या हाताखाली असता तर मी त्याला बढती दिली असती.

तरीही मोठमोठे फसले आहेत. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे ‘टिक’ आणि ‘टॉक’ हे दोन वेळ सांगणारे सर्व्हर तासभराच्या आतबाहेर सन २००० सांगत होते! वेधशाळेसारखी संस्था, तिचं नाव ऐकून जगभरच्या लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवलेला. अनेकांनी, एकावर विसंबू नये म्हणून, टिक आणि टॉक दोघांनाही विचारण्याची व्यवस्था केली होती. दोघं जुळले. दोघं एकाच घरचे. ज्यांच्या संगणकांनी ते खरं मानलं, त्यांच्या कचेऱ्यांत लोकांना आत शिरता येईना, टेलिफोनची यंत्रणा गोंधळली. मला हे वाचताना आमची थंड खोली आठवली.

२६ जानेवारी २०१६ ची गोष्ट आणखी बारीक. जीपीएसचा एक म्हातारा उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांवरून चुकीचा आकडा प्रसारित झाला आणि त्यांची वेळ सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकली. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. नकाशावरच्या जागा बिघडल्या नाहीत. केवळ वेळ बिघडली. पण टेलिफोनच्या जाळ्यांमध्ये ठिकठिकाणी धोक्याच्या घंटा वाजू लागल्या. तेव्हा कुणाकुणाच्या ध्यानात आलं, की आपण चार वेगळ्या घड्याळांना विचारतो खरं, पण ती चारही एकाच विहिरीचं पाणी पितात.

मग घड्याळावर सही मागावी का? ती सोयही झाली आहे. उत्तर देणारा तोच आहे ना, वाटेत कुणी उत्तर बदललं नाही ना, हे तपासण्याची पद्धत २०२० मध्ये ठरली. चांगलीच गोष्ट आहे. पण आम्ही काउंटरवर स्पेसिमेन कार्डाशी सही ताडायचो, तेव्हा चेक खात्याचा आहे एवढंच कळायचं, खात्यात पैसे आहेत हे नव्हे. सही खरी असून वेळ चुकीची असू शकते. शिवाय भाच्याने दाखवलेली एक मौज : सही तपासायची तर तिच्या दाखल्याची मुदत संपली नाही ना, हे बघावं लागतं. त्यासाठी आज तारीख काय हे माहीत हवं. आणि तेच विचारायला तर आपण निघालो आहोत.

या साऱ्यात मला सर्वांत नवल वाटलं ते पाणपोईचं. जगात हजारो माणसं, विद्यापीठं, छोट्या कंपन्या आपले संगणक फुकट वेळ सांगायला देतात. २००३ पासून त्यांचा एक सामाईक समूह चालतो, ‘एनटीपी पूल’ नावाचा. कुणीही यावं, आपला रांजण मांडावा. पाणी कसं आहे हे समूहाची यंत्रणा सतत चाखून बघते, गुण देते. गुण घसरले की रांजण बाजूला. त्याच वर्षी अमेरिकेत एका कंपनीने घरगुती वापराची लाखो यंत्रं विकली, त्यात एकाच विद्यापीठाच्या घड्याळाचा पत्ता कायमचा कोरून ठेवला होता. उत्तर मिळालं नाही, की ती यंत्रं दर सेकंदाला विचारत राहत. विस्कॉन्सिनच्या त्या विद्यापीठाला पूर आल्याचा भास झाला. आणि २०१६ मध्ये एका कंपनीने पाणपोईत रांजण मांडले ते पाणी पाजायला नव्हे, पाणी प्यायला कोण येतं त्यांचे पत्ते टिपायला. वेळ बरोबर सांगत होते, बरं का! आपण वेळ विचारतो तेव्हा आपण कुठे आहोत हेही सांगून जातो, हे मला त्यापूर्वी सुचलंच नव्हतं.

आपल्याकडे प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने कंपन्यांना, डेटा सेंटरांना सांगितलं, की तुमची घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी लावा. ज्यांचा पसारा अनेक देशांत आहे त्यांना दुसरीकडून वेळ घेता येईल, पण ती यांच्या वेळेपासून ढळता कामा नये. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सर्वांना बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदाही हरकतींसाठी मांडला गेला. मला हे पटतं. ज्याने आपल्या सहीने एका माणसाचं नुकसान केलं आहे, त्याला कायद्याची वेळ एकच असावी असं वाटणारच. मुंबईने तर जुना ‘बॉम्बे टाइम’, प्रमाणवेळेहून ३९ मिनिटं मागे, १९०६ नंतरही कितीतरी वर्षं धरून ठेवला होता. त्या काळच्या खटल्यांतले साक्षीदार काय म्हणत असतील कुणास ठाऊक. पण वेळ एक असणं वेगळं आणि ती एकाच तोंडून ऐकणं वेगळं. भारताच्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहावरची तीनही अणुघड्याळं बंद पडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. तीनही! एकाच घडणीची होती ती. मे २०२३ मध्ये गेलेल्या उपग्रहावर देशात बनलेलं अणुघड्याळ आहे, आणि वेगळ्या हाताने घडलेलं घड्याळ म्हणून मला त्याचं दुप्पट कौतुक आहे.

भाच्याला मी शेवटचा प्रश्न विचारला होता तो असा : या सगळ्या पायऱ्यांच्या अगदी माथ्यावर एक खरं घड्याळ असेल ना, ज्याला कुणालाही विचारावं लागत नाही? तो म्हणाला, ‘‘नाही.’’ पॅरिसजवळ वजनमापांचा आंतरराष्ट्रीय ब्यूरो आहे. जगातल्या सुमारे ८० प्रयोगशाळा आपल्या ४०० हून अधिक अणुघड्याळांचे आकडे तिथे पाठवतात, त्यात दिल्लीचेही असतात. ज्याची चाल स्थिर त्याच्या मताला वजन जास्त, असं करून सरासरी काढतात, आणि कुणाचं घड्याळ किती चुकत होतं हे पुढच्या महिन्यात कळवतात. जगाची खरी वेळ ही अशी, मागाहून कळणारी. आमच्या बँकेच्या ताळेबंदासारखी.

तो कारकून कामावर परत आला. पगाराची थकबाकी मिळाली, सेवापुस्तकातली नोंद रद्द झाली. मी त्याची माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, ‘‘साहेब, बाबांना कळायला हवं होतं एवढंच.’’ त्यावर मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाखेत एक वही सुरू केली. उभ्या रेघा मारून रकाने पाडले : रेडिओची वेळ, टेलिफोनवर सांगतात ती वेळ, सर्व्हरची वेळ, फरक, आणि दोन सह्या. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, आणि एकाच माणसाने दोन दिवस लागोपाठ लिहायचं नाही. हेड ऑफिसचा तसा काही आदेश नव्हता. एका इन्स्पेक्टरने तर ‘अनावश्यक रजिस्टर’ असा शेराही मारला. ती वही लिहायला तो कारकून रोज आपणहून आधी येई. त्याची पाळी नसे तेव्हाही मागे उभा राहून बघे. पुढे कोअर बँकिंग आलं, सर्व्हर मुंबईला गेले, वही बंद झाली. माझी बदली झाली त्या दिवशी मी तिचं शेवटचं पान पाहिलं होतं. फरकाच्या रकान्यात त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात ‘२ सेकंद पुढे’ असं लिहिलेलं होतं, आणि त्यापुढच्या दोन सह्यांपैकी एक माझी होती.